अर्ध्या सेकंदाचे ऋण

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. उद्यमबागेतल्या कारखान्यांतून त्या दिवशी लेथ थांबतात, यंत्रांवर झेंडूच्या माळा चढतात, पाने-हातोडे स्वच्छ पुसून पाटावर मांडले जातात. सुताराची करवत, शिंप्याची कात्री, दुकानदाराचा तराजू या सर्वांना हळदकुंकू लागते. अलीकडे कचेऱ्यांतून संगणकालाही लागते. या प्रथेत मोठे शहाणपण आहे असे मला वाटत आले आहे. ज्याच्यावर आपले पोट चालते ते हत्यार आपण एकट्याने घडवलेले नाही, याची वर्षातून एकदा दिलेली ती कबुली आहे. पण ज्या हत्याराला आकारच नाही, जे हातात धरता येत नाही, त्याला हळदकुंकू लावायचे कोठे? आणि तेच हत्यार कोणी अनोळखी माणसाने आपल्याला फुकट दिले असेल, तर त्या माणसाचे आपण काय देणे लागतो?

प्रश्न वाटतो तितका हवेतला नाही. बेळगावात अभियांत्रिकीच्या मुलांना सी ही संगणकभाषा शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. माणसाने सी भाषेत लिहिलेली आज्ञावली यंत्राला जशीच्या तशी कळत नाही. तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी आणखी एक आज्ञावली लागते. तिला कंपायलर म्हणतात. मोठे काम शेकडो फायलींत विभागलेले असते. त्यांतल्या कोणत्या बदलल्या, कोणत्यांचे पुन्हा रूपांतर करायचे, काय कशाला कोणत्या क्रमाने जोडायचे, हे पाहणारा एक मुकादम लागतो. चूक सापडेनाशी झाली की ती हुडकून देणारा लागतो. ही सारी बांधकामाची हत्यारे. घर उभे राहिले की परांची उतरवतात आणि वास्तुशांतीच्या जेवणावळीत परांची बांधणाऱ्याची आठवण कोणाला होत नाही. तसेच यांचे आहे. बँकेतून पैसे काढणाऱ्याला, रेल्वेचे तिकीट काढणाऱ्याला यांची नावेही ठाऊक नसतात, आणि असण्याचे कारणही नाही.

या हत्यारांतल्या मुकादमाचे नाव 'मेक'. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते लिहिले. त्याचे निमित्त मोठे गमतीचे आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी वैतागून त्यांच्या खोलीत आले. आज्ञावलीतली एक चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ गेली होती, आणि चूक तर आधीच दुरुस्त झालेली होती! फक्त दुरुस्त केलेल्या फायलीचे पुन्हा रूपांतर करायचे राहिले होते. हा वैताग पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून फेल्डमन यांनी हे हत्यार केले. त्यात एक विचित्र नियम राहून गेला. आज्ञेची प्रत्येक ओळ 'टॅब' या कळीनेच सुरू झाली पाहिजे. तिथे साधी मोकळी जागा सोडली तर डोळ्यांना सारखीच दिसते, पण मेक अडून बसते. माझ्या वर्गात दर वर्षी कोणी ना कोणी 'मिसिंग सेपरेटर' या दोन शब्दांपुढे डोके धरून बसलेला असे. हा नियम गैरसोयीचा आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आले होते. पण तोपर्यंत मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, आणि नियम बदलून त्यांची घडी विस्कटणे फेल्डमन यांच्या जिवावर आले. त्या डझनभरांची सोय पाहिली, म्हणून तो टॅब आज जवळजवळ पन्नास वर्षे जगभर टिकून आहे. मला या गोष्टीत नुसता विनोद दिसत नाही. ज्यांचे आपण काही लागत नाही, अशा माणसांची काळजी देणाऱ्याच्या मनात किती सहज उभी राहते, ते तीत दिसते. घेणाऱ्याच्या मनात ती तितक्याच सहज उभी राहते का?

मेक एका कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मले. सर्वांच्या मालकीचे हत्यार असावे ही कल्पना निश्चयाने मांडली रिचर्ड स्टॉलमन यांनी. १९८३ साली त्यांनी आपला संकल्प जाहीर केला, आणि १९८७ साली जीसीसी हा सी भाषेचा कंपायलर लोकांच्या हाती दिला. तो कोणीही वापरावा, उघडून वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा, फक्त पुढच्यालाही हेच स्वातंत्र्य राहू द्यावे, अशी अट. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, तो याच कंपायलरच्या जोरावर. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने दोन अर्थ निघतात, म्हणून स्टॉलमन यांना आयुष्यभर खुलासे करत राहावे लागले, की मी किमतीविषयी बोलत नसून स्वातंत्र्याविषयी बोलतो आहे. मराठीला ही अडचण नाही. आपल्याकडे 'मुक्त' हा शब्द वेगळा आणि 'फुकट' वेगळा. एवढेच नव्हे, तर आपल्या भाषेने 'फुकट'मध्ये एक इशाराही घालून ठेवला आहे. जे दाम न देता मिळाले ते फुकट मिळाले, आणि जे वाया गेले तेही फुकट गेले. पहिल्या फुकटाचे दुसऱ्या फुकटात रूपांतर व्हायला कोणताही कंपायलर लागत नाही. घेणाऱ्याची बेपर्वाई पुरते.

आता मूळ प्रश्न. अशा देणगीचे आपण काय देणे लागतो? याची दोन सोपी उत्तरे नेहमी ऐकू येतात.

पहिले उत्तर, काहीच नाही. देणाऱ्याने राजीखुशीने दिले, घेणाऱ्याने घेतले, व्यवहार संपला. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. या हत्यारांबरोबर जो परवाना येतो त्यात दाम मागितलेला नसतो, तसेच 'कसलीही हमी नाही' असेही स्पष्ट लिहिलेले असते. दोन्ही पक्ष मोकळे. पण गंमत अशी, की घेणारा आपला मोकळेपणा लक्षात ठेवतो आणि देणाऱ्याचा विसरतो. दाम द्यायचा नाही हे त्याला पाठ असते; हमी मागायची नाही हे मात्र पाठ नसते. दुरुस्ती का झाली नाही, नवी आवृत्ती कधी येणार, असे तो विचारू लागतो, आणि त्याचा आवाज हळूहळू पगार देणाऱ्या मालकासारखा होतो.

दुसरे उत्तर, पैसे द्यावेत. यात तथ्य आहे. ज्या कंपन्यांचा कोट्यवधींचा व्यवहार या हत्यारांवर उभा आहे त्यांनी हात सैल सोडायलाच हवा, आणि काहींनी तो सोडलाही आहे. पण हे उत्तर पुरे पडत नाही. पगार दिला की देणगीची नोकरी होते, आणि सारेच देणगीदार नोकरी मागायला आलेले नसतात. शिवाय पैशाने एक गोष्ट विकत मिळत नाही, ती कोणती हे २०२४ सालच्या एका घटनेने दाखवून दिले. ती घटना थोडी विस्ताराने सांगतो, कारण माझे सारे म्हणणे तिच्यावरच उभे आहे.

एक्सझेड नावाचे एक लहानसे हत्यार आहे. फायली दाबून लहान करणे, एवढेच त्याचे काम. पण जीसीसीचा किंवा लिनक्सच्या गाभ्याचा मूळ मजकूर आपल्यापर्यंत येतो तो बहुधा याच हत्याराने बांधलेल्या गाठोड्यात. म्हणजे हत्यारांची पेटी म्हणा ना. लासे कॉलिन नावाचे एक फिनिश गृहस्थ ही पेटी वर्षानुवर्षे, जवळजवळ एकट्याने, पगाराविना सांभाळत होते. तिच्या मुख्य भागावरचे आपले हक्कही त्यांनी सोडून दिलेले होते.

२०२१ च्या अखेरीस 'जिया टॅन' हे नाव धारण करणारा कोणी तरी मदतीला आला. लहानसहान दुरुस्त्या पाठवू लागला. २०२२ साली आणखी काही नावे उगवली. काम फार मंद चालले आहे, वापरणाऱ्यांचा खोळंबा होतो आहे, झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती सोपवा, असा त्यांचा सूर. त्यांतले एक नाव चक्क भारतीय वळणाचे होते. आपले मनःस्वास्थ्य बरेच दिवस ठीक नाही आणि हे काम बिनपगारी छंदाचे आहे, असे कॉलिन यांनी तेव्हा उघडपणे सांगितले. तगादा थांबला नाही. पुढे जिया टॅनच्या हाती कारभाराच्या किल्ल्या आल्या, आणि तगादा लावणारी नावे कायमची नाहीशी झाली. ती सारी एकाच कटातली सोंगे असावीत, असा जाणकारांचा कयास आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० ही आवृत्ती आली, मार्चमध्ये ५.६.१. दोन्हींत चोरदरवाजा होता. तो कोठे लपवला होता, हे पाहण्यासारखे आहे. मूळ मजकुरात तो नव्हता. चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या म्हणून कोणी न वाचणाऱ्या फायलींत त्याचे तुकडे होते. ते तुकडे काढून जोडणारी ओळ बांधकामाच्या सूचनांत होती, आणि तीही फक्त वाटपाच्या गाठोड्यात. सर्वांना पाहता येणाऱ्या भांडारात नव्हे. ज्या कागदाकडे पाहण्याची कोणालाच सवय नव्हती, नेमका तोच कागद चोराने निवडला. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे प्रवेश देणारी एसएसएच नावाची सोय काही लिनक्स प्रणालींत तेव्हा वळणावळणाने एक्सझेडशी जोडली गेलेली होती. तिचे कुलूप ज्याच्याजवळ विशिष्ट किल्ली आहे त्याला उघडून मिळावे, अशी ही योजना. डेबियन, फेडोरा यांच्या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत ती पोचलीही होती. आणखी काही महिने गेले असते, तर जगभरच्या असंख्य यंत्रांत जाऊन बसली असती.

ते टळले ते एका माणसामुळे. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करतात आणि पोस्टग्रेस या मुक्त विदासंचावर काम करतात. ते आपल्या भलत्याच कामाची वेळ मोजत होते. एसएसएचने आत शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे त्यांना दिसले. त्याआधी व्हॅलग्रिंड या चुका हुडकणाऱ्या मुक्त हत्याराने केलेली एक कुरकुरही त्यांच्या ध्यानात राहिली होती. अर्धा सेकंद म्हणजे पापणी लवून जावी एवढा वेळ. दुसरा कोणी असता तर 'असेल काही तरी' म्हणून पुढे गेला असता. हे गृहस्थ थांबले. धागा धरून मागे मागे गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्यांनी सारे जगापुढे ठेवले.

या प्रकरणात चोराच्या चातुर्याची फार वाखाणणी झाली. मला मात्र त्यातली एक गोष्ट जास्त टोचते. चोराला मदतनिसाचे सोंग घ्यावे लागले, हे समजण्यासारखे आहे. विश्वास कमवायचा तर दुसरा मार्ग नव्हता. पण कॉलिन यांच्यावर दडपण आणण्यासाठी जी सोंगे उभी केली, ती कोणाची? ती तुमच्या-माझ्यासारख्या साध्या वापरकर्त्यांची होती. फुकट घेतो आणि वर खडसावतो, असे ते सोंग. आणि ते कोणालाही खटकले नाही! कारण असा तगादा इतका रोजचा झाला आहे, की खऱ्या माणसांत आणि सोंगांत फरकच दिसेना. घेणाऱ्यांच्या जगात चार कृतज्ञतेचे शब्द बोलण्याची रीत असती, तर ते कर्कश सूर तेव्हाच वेगळे ऐकू आले असते. त्या अर्थाने चोरदरवाजाची पहिली वीट चोराच्या आधी आपल्या सर्वांच्या सवयीने रचलेली होती.

यावर कोणी म्हणेल, मग विश्वासच ठेवू नये. हा मार्ग किती दूर जातो, हे केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून ठेवले आहे. युनिक्सच्या या जनकाने कंपायलरच बिघडवण्याची युक्ती सांगितली. असा कंपायलर प्रवेशद्वाराच्या आज्ञावलीचे रूपांतर करताना तीत गुपचूप एक खिडकी ठेवतो, आणि नव्या, निर्दोष कंपायलरचे रूपांतर करताना त्यातही हीच खोड पेरतो. मग मूळ मजकूर कितीही वाचा, दोष कोठेच दिसत नाही. यंत्रशाळेत कारागीर आपले काम गेजने तपासतो, आणि गेज मास्टर गेजने. मास्टरच चुकलेला असेल तर? सारे भाग एकमेकांत चपखल बसतील आणि सारेच चुकलेले असतील. दुसऱ्याने केलेल्या वस्तूची पुरती खात्री कधीच देता येत नाही, हे थॉम्प्सन यांच्या म्हणण्याचे सार. पण सारे काही स्वतःच करावे, तर कोणाचाही जन्म पुरणार नाही. तेव्हा विश्वास ठेवायचा की नाही, हा पर्याय आपल्यापुढे नाहीच. तो कोणत्या जातीचा ठेवायचा, एवढेच आपल्या हाती आहे. न पाहण्याच्या आळसालाही आपण पुष्कळदा विश्वास हेच नाव देतो.

इथे मला आपल्या परंपरेतली एक जुनी कल्पना उपयोगी वाटते. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणांचा विचार आहे: देवऋण यज्ञाने फिटते, पितृऋण संततीने आणि ऋषिऋण अध्ययनाने. मूळ वचन ब्राह्मणापुरते आहे, आणि ते कुंपण आज कोणी मानू नये. पण विचार मोठा आहे. ऋषीने दिलेले ज्ञान ऋषीला परत करता येत नाही. त्याने दाम मागितला नव्हता, आणि मागायला तो समोरही नाही. त्याने दिले ते आपण वाचले, पारखले, त्यातले कोठे काय गळले ते सांभाळले, पुढच्याला दिले, तर ते ऋण फिटते. म्हणजे हे देणे देणाऱ्याकडे परत जात नाही. ते वस्तूकडे आणि पुढच्या घेणाऱ्याकडे जाते. दाम देऊन ते चुकत नाही, कारण त्याचे चलनच निराळे आहे. ते चलन म्हणजे लक्ष. पगार देऊन माणूस बसवता येतो. अर्धा सेकंद खटकावा असे मन त्याच्यात बसवता येत नाही.

मुक्त हत्यारांच्या बाबतीत हे अगदी शब्दशः खरे आहे. 'उघडून वाचा' ही त्या परवान्यातली सर्वांत मोलाची देणगी, आणि सर्वांत कमी उचललेलीही तीच. हजारो डोळे पाहत असल्यामुळे दोष लपत नाही, असे अभिमानाने म्हटले जाते. ते डोळे आहेत खरे. पण प्रत्येक जण 'दुसरा पाहत असेल' असे समजून मिटून बसला, तर हजार आणि शून्य यांत काय फरक राहिला? फ्रॉइंड यांनी त्या दिवशी कोणाची चाकरी केली नाही, की कोणावर उपकार करायला ते निघाले नव्हते. त्यांनी आपल्या वाट्याचे ऋषिऋण फेडले, आणि त्यांच्यामागे आपल्या सर्वांचे थोडे थोडे फिटले.

यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रत्येकाला कंपायलर उघडून वाचता येत नाही. शिंप्याने कात्रीचे पोलाद तपासावे असे आपण म्हणत नाही. बरोबर आहे. ऋणाचा वाटा ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. ज्याला वाचता येते त्याने एखादी फाईल तरी वाचावी. ज्याला दोष दिसला त्याने तो नीट लिहून कळवावा. तगादा आणि तक्रार यांत सभ्यतेचे अंतर असते. ज्याला यांतले काहीच येत नाही, त्याने निदान मालकाचा आवाज काढू नये. आणि आम्ही शिक्षक मंडळींनी मुलांना हत्यार चालवायला शिकवताना ते कोणी, कधी, कशासाठी केले तेही सांगावे. टॅबची गोष्ट ऐकल्यावर माझ्या वर्गातली मुले मेकला शिव्या देईनाशी झाली असे मी म्हणणार नाही. पण एक मुलगी जीसीसीचा मूळ मजकूर उतरवून घेऊन बसली, हे मी पाहिले आहे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. असे डोळ्यांत तेल घालून पाहत राहिले, तर प्रत्येक मदतनिसाबद्दल संशय येऊ लागेल आणि देण्याघेण्याची सारी सहजता मरून जाईल. मला तसे वाटत नाही. संशयाची नजर माणसावर असते, लक्षाची वस्तूवर. फ्रॉइंड यांना कोणाचा संशय आला नव्हता. त्यांना एवढेच दिसले की काही तरी रोजच्यासारखे नाही. आई निजलेल्या मुलाच्या श्वासातला फरक ओळखते, त्याला कोणी संशय म्हणत नाही.

कॉलिन यांचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. ज्याचा विश्वासघात झाला त्याने दार लावून घेतले असते, तर त्याला कोण काय म्हणणार होते? परवान्यात हमी नव्हतीच. पण ते परत आले. जिया टॅनने घातलेला मजकूर त्यांनी तपासला, घाण काढली, आणि २९ मे २०२४ रोजी ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती लोकांपुढे ठेवली. नेहमीप्रमाणे, दाम न घेता. ती जगभर कितीतरी यंत्रांवर आपोआप उतरली, आणि बहुतेकांना ते कळलेही नाही.